पहिली होडी घेताना

रूट ९ च्या पुलावरून वूस्टरला जाता-येता क्विनसिगमंड तळे दिसते. मे-जूनमध्ये त्यावर होड्या दिसू लागल्या की मनात येतेच, आपलीही एक छोटीशी होडी असावी. श्रूजबरीत राहून तळ्याला नुसता लांबून नमस्कार किती वर्षे करायचा? पण होडीची सांगितलेली किंमत आणि ती शेवटी आपल्याला पडते ती किंमत यांत फार अंतर असते. हा धडा मी पैसे मोजून शिकलो आहे.

आमची पहिली होडी म्हणजे सोळा फुटी, मोटर लावलेली, फायबरग्लासची. ट्रेलरसकट इतकी स्वस्त मिळाली की मी घासाघीसही केली नाही. नंतर कळले की ट्रेलरचे टायर सडलेले आहेत, आणि जिथे मोटर बसवतात ती मागची फळी आतून भुसभुशीत झाली आहे. दोन उन्हाळ्यांत होडी पाण्यात तीनदा गेली. बाकी वेळ ती ड्राइव्हवेमध्ये ताडपत्रीखाली होती. शेवटी ती घेऊन जाण्यासाठी मीच पैसे दिले. सौ. अजूनही तिला 'तुमची धाकटी बहीण' म्हणते, कारण सगळे लाड तिचेच झाले!

मोटर आली की खर्चाची रांग लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये मोटर असलेल्या प्रत्येक होडीची नोंदणी एन्व्हायर्नमेंटल पोलिसांकडे करावी लागते. छोटी बॅटरीवरची मोटर लावली तरी सुटका नाही. शिवाय सेल्स टॅक्स ६.२५ टक्के, दरवर्षी एक्साइज (ठरवलेल्या किमतीच्या हजारामागे १० डॉलर), ट्रेलरची वेगळी नोंदणी आणि थंडीपूर्वी इंजिनची तयारी. २०२५ साली झालेल्या कायद्याने मोटरबोट चालवणाऱ्याला सुरक्षेचा कोर्सही लागतो: १ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना १ एप्रिल २०२६ पासून आणि इतरांना १ एप्रिल २०२८ पासून. कोर्स चांगलाच आहे, मोटर नसली तरी करावा. पण सांगायचे ते असे की, पहिली होडी वल्ह्याची घ्यावी. तिला नोंदणी लागत नाही आणि घराच्या इन्शुरन्समध्ये ती बहुधा बसते. तरी एजंटला फोन करून खात्री करून घ्या.

आता कोणती? मुले लहान असतील तर माझे मत जुन्या कनूच्या बाजूने. सोळा-सतरा फुटांच्या कनूमध्ये आई-वडील, दोन चिमुरडी आणि डबा सहज मावतो. ॲल्युमिनियमची असेल तर पोचे पडतात, पण ती वर्षानुवर्षे टिकते. वजन मात्र सत्तर-पंचाहत्तर पौंड. गाडीच्या टपावर चढवायला दोन माणसे हवीत, आणि टप किती भार घेतो ते आधी गाडीच्या पुस्तकात पाहावे. नुसत्या मधल्या पट्ट्यांवर विसंबू नका, पुढचे आणि मागचे टोकही दोरीने बांधा.

दोघेच असाल किंवा मुले मोठी असतील तर दहा फुटी कयाक सोयीची. चाळीस-पन्नास पौंडांची, जुनी असेल तर काही शे डॉलरमध्ये मिळते. नवख्याने शक्यतो वर बसायची घ्यावी. आत बसायची कयाक उलटली की पाण्याने भरते आणि खोल पाण्यात ती रिकामी करणे नवख्याला जमत नाही. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांना हवा भरायची होडी कपाटात ठेवता येते, पण वाऱ्यात ती भरकटते. कोणतीही घेण्याआधी एकदा भाड्याने चालवून पाहा. गुडघे आणि कंबर काय म्हणतात ते तासाभरात कळेल.

जुनी होडी घेताना ती उलटी करून तळ पाहा. प्लॅस्टिकला चरे असले तर चालतील, पण आरपार तडा असेल तर घेऊ नका, कारण त्या प्लॅस्टिकला साधा गोंद धरत नाही. उन्हात वर्षानुवर्षे पडून पांढुरके, ठिसूळ झालेलेही नको. ॲल्युमिनियमच्या होडीत थोडे पाणी ओतून रिव्हेटमधून गळते का ते पाहा.

वाचलेले पैसे आधी लाइफ जॅकेटवर खर्च करा, आणि ते अंगावर घाला. बारा वर्षांखालील मुलांनी होडीत ते घातलेच पाहिजे. कनू-कयाकमध्ये १५ सप्टेंबर ते १५ मे मोठ्यांनाही सक्ती आहे, आणि त्याला कारण आहे. एप्रिलमध्ये हवा सत्तर अंश असली तरी पाणी बर्फ नुकते वितळल्यासारखेच गार असते. त्यात पडताच श्वास घुसमटतो. पहिले मिनिट श्वास सावरण्यातच जाते, मग साधारण दहा मिनिटे हातपाय चालतात. विहिरीत पट्टीचे पोहणारेही इथे हतबल होतात, कारण अंग गारठून शुद्ध हरपण्याआधीच हात निकामी होतात. तळे काही ठिकाणी ऐंशी फुटांहून खोल आहे, हेही लक्षात असू द्या.

हार्वर्ड-येलच्या वल्ह्यांच्या शर्यती १८६० च्या दशकात याच तळ्यावर होत. आजही शर्यतीच्या होड्या असतात, त्यांच्या वाटेत जाऊ नका. तळे उत्तर-दक्षिण लांब आणि अरुंद आहे. शनिवार-रविवारी दुपारी मोटरबोटींच्या लाटा दोन्ही काठांवर आपटून परत येतात. सुरुवात सकाळी लवकर, काठाकाठाने करावी. दक्षिणेला जोडलेला फ्लिंट पाँड उथळ आहे, तिथे आमचे हात बसले.

घरी निघण्याआधी होडीला लटकलेले शेवाळ-वनस्पती काढून टाका, पाणी काढा आणि होडी पूर्ण वाळू द्या. क्विनसिगमंडमधले उपद्रवी मिलफॉइल असेच होडीला चिकटून दुसऱ्या तळ्यात जाते. मग गॅरेजमध्ये दोन रुंद पट्ट्यांवर उलटी टांगली की ऊन लागत नाही आणि गाडीलाही जागा राहते.