उत्तेजक की निवारक?

दापोलीहून समुद्राकडे उतरत गेले म्हणजे नारळी-पोफळींच्या दाटीत मुरुड हे गाव लागते. धोंडो केशव कर्वे याच गावचे. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात ते गणित शिकवीत. पहिली पत्नी वारल्यावर ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला. पुढे दोघे मुरुडास आली, तेव्हा गावकऱ्यांनी सभा भरवून बहिष्कार ठरविला. कर्वे ज्या बैठकीस असतील तेथे कोणी बसू नये, आणि घरच्यांनी त्यांस थारा दिल्यास त्यांसही वाळीत टाकावे! ज्या गृहस्थाने ‘मुरुड फंड’ काढून गावाच्या कामासाठी पैसा जमविला, त्यास आपल्या मातेच्या घरीही उतरता येईना. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा ३७ वर्षे झाली होती.

त्या काळी विरोधक एक मुद्दा मोठ्या खात्रीने मांडीत. विधवांनाच पुनर्विवाह नको असतो, मग सुधारकांना ही उठाठेव कशाला? हे विधान वरवर निरुत्तर करणारे वाटते. पण ज्या बाईने ‘हवा’ म्हटले असता तिच्या आईबापांचे पाणी तुटणार, तिच्या ‘नको’वरून तिच्या मनाची परीक्षा कशी व्हावी? ज्या घराला एकच दार, तेथून बाहेर पडणाराने ते दार पसंत केले असे कोणी म्हणत नाही. अशा लाख बायांचे मौन एकत्र करून त्यास ‘स्त्रीस्वभाव’ हे नाव देणे सोपे होते, इतकेच.

सुधारकांच्या बाजूसही असाच एक मोह होता. विधवेचे दुःख लग्नानेच फिटेल, हे त्यांचे सामान्य विधान. १८९३ साली कर्व्यांनी काढलेल्या संस्थेचे नाव ‘विधवाविवाहोत्तेजक मंडळी’ असे होते. दोन वर्षांनी ते बदलून ‘विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी’ असे केले गेले. नाव लांबले, उच्चारास जडही झाले, पण अर्थ फार नेमका झाला. लग्न कर, असे सांगणे निराळे आणि करावयाचे असल्यास आड येणारी धोंड दूर करणे निराळे.

हा भेद एकाच घरात पाहावयास मिळतो. गोदूबाई देवरूखच्या जोशी घराण्यातील. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदासदन उघडले, त्याच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी त्या एक. लग्नानंतर आनंदीबाई झालेल्या या बाईस सर्वजण बाया म्हणत. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षाच्या सुमारास विधवा झाल्या. पदरी एक मुलगा होता. थोरल्या बहिणीचे उदाहरण समोर, मेहुण्याचा पाठिंबा जवळ, तरी त्यांनी पुनर्विवाह केला नाही. त्या शिकल्या, विधवांच्या आश्रमाच्या कामात पडल्या आणि गावोगाव फिरून त्यासाठी वर्गणी गोळा केली. पुष्कळ वर्षांनी त्यांनी केशवपन सोडले, तेही लग्नासाठी नव्हे, तर ती रूढी मनास पटेना म्हणून. १९१८ साली त्या एकट्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे लोकांच्या घरी चाकरी करून राहिल्या. बायांच्या ‘हो’इतकाच या बाईंचा ‘नाही’ही स्वतःचा होता, कारण दुसरी वाट त्यांच्या घरातच मोकळी होती.

आता गंमत अशी, की स्वतःपुरती इतकी स्वतंत्र असलेली हीच बाई स्त्रियांचे शिक्षण गृहिणी व माता होण्यास उपयोगी पडणारे असावे, अशा मताची होती. स्वतः मात्र सातासमुद्रापलीकडे! कर्व्यांचा विचारही याहून फार दूर नव्हता. १९१६ साली त्यांनी स्थापिलेल्या महिला विद्यापीठात मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम आणि गृहशास्त्र हा विषय, ही योजना स्त्रीचे कार्यक्षेत्र निराळे या समजुतीवरच उभी होती. तिला आक्षेप घेणारे सुधारकांतही होते. मात्र ज्या मुलींना तोवर कोणतेच विद्यालय नव्हते, त्यांना यामुळे एक मिळाले, हेही खरे.

या साऱ्यात बायांच्या वाट्यास विचित्र स्थिती आली. पुनर्विवाहितेचा वावर दिसल्यास लोक आपल्या मुली पाठविणार नाहीत, या धास्तीने पतीने उभारलेल्या आश्रमापासून त्यांना बराच काळ दूर राहावे लागले. पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ १९२८ साली निघाली. बायांचे ‘माझे पुराण’ त्यानंतर सोळा वर्षांनी, १९४४ साली.