कालच्या धावा कोण विकत घेतो?

शिमगा झाला की रत्नागिरी जिल्ह्यात क्रिकेटचे लिलाव सुरू होतात. वाडीवाडीची प्रीमियर लीग असते. कुठे ओव्हरआर्म, कुठे अंडरआर्म. मुंबईचे चाकरमानी संघमालक होतात, प्रत्येकाला ठरावीक पॉइंट मिळतात, नावं पुकारली जातात. गेल्या वर्षी शेवटच्या षटकात तीन षटकार ठोकणाऱ्या पोरावर निम्मे पॉइंट उधळले जातात आणि उरलेल्या निम्म्यात अख्खा संघ भरायची पाळी येते. आपल्याकडे यष्टिरक्षकच नाही, हे मालकाच्या लक्षात येतं ते पहिल्या सामन्याच्या सकाळी. बोली लावायला सगळ्यांनाच येतं. मोसम सुरू झाल्यावर कोणाला सोडायचं, कोणाला उचलायचं आणि समोरच्याला काय देऊन गप्प करायचं, हे फार थोड्यांना जमतं. हा लेख त्या दुसऱ्या कलेबद्दल आहे.

मैदानावर न उतरता संघमालक होण्याचा खेळ म्हणजे फँटसी लीग. खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ करायचा, ते खऱ्या सामन्यात जे करतील त्याचे गुण आपल्याला. १९६२ मध्ये बिल विंकनबाख यांनी ऑकलंडच्या मित्रमंडळींत अमेरिकन फुटबॉलसाठी हा उद्योग सुरू केला. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट यांनी न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलची लीग काढली आणि ज्या रेस्टॉरंटात बैठका होत, त्याच्या नावावरून तिला ‘रोटिसरी’ म्हणू लागले. दोन्हीकडे गोष्ट एकच: मोसम लांब, मित्र मोजके, आणि मोसमभर आपसांत खेळाडूंची देवाणघेवाण.

भारतात ही गोष्ट उलट्या पायाने आली. हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ मध्ये मुंबईत ड्रीम११ काढलं, तेव्हा त्यांचाही खेळ मोसमभराचाच होता. तो चालला नाही. २०१२ पासून त्यांनी एका सामन्यापुरता संघ आणला आणि तो वणव्यासारखा पसरला. नाणेफेक झाली की अकरा नावं निवडा, रात्री निकाल, उद्या नवा संघ. त्यात अदलाबदल नावाची गोष्टच नव्हती. चुकीचा खेळाडू घेतला तरी त्याच्यासोबत फक्त चार तास काढायचे. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये याला कौशल्याचा खेळ ठरवलं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, ड्रीम११ने रोख स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून त्यांचं नावही उतरलं. या साऱ्यात एक पिढी फँटसी खेळायला शिकली, पण धीर धरायला शिकली नाही, असं माझं मत आहे. आता पैशाचा भाग गेल्यावर उरते ती मित्रांची मोसमभराची लीग, आणि तिच्यात अर्धा खेळ अदलाबदलीचाच असतो.

ही अदलाबदल शास्त्रासारखी कुठे करतात, तर ऑस्ट्रेलियात. तिथला स्वतःचा फुटबॉल आहे, लंबगोल चेंडूचा. १८५९ मध्ये मेलबर्नच्या मंडळींनी त्याचे नियम लिहून काढले. त्यांच्यातला टॉम विल्स क्रिकेटपटू. हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांचे हातपाय चालते राहावेत, हा त्याचा हेतू. म्हणून हा खेळ आजही क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानांवर चालतो, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवरसुद्धा. एका बाजूला अठरा जण, चार खांब; पायाने मारलेला चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर ‘बिहाइंड’, एक गुण.

फँटसीत मात्र गोलपेक्षा मजुरीला भाव. प्रत्येक किकला ३ गुण, हाताने ठोसून दिलेल्या पासला २, हवेत झेललेल्या चेंडूला ३, टॅकलला ४, गोलला ६, बिहाइंडला १. आणि फाउल करून समोरच्याला फ्री किक दिली तर उणे ३. एखाद्या मिडफिल्डरने सामन्यात वीस किक, दहा हँडबॉल, पाच झेल, चार टॅकल आणि एक गोल केला तर ६०, २०, १५, १६ आणि ६ मिळून ११७. दोनदा फाउल केला तर १११. यात गोलचे गुण फक्त सहा! टीव्हीवर ज्याच्या नावाने आरडाओरडा होतो तो गोलमास्तर कागदावर अनेकदा मधल्या फळीतल्या अबोल गड्याच्या मागे राहतो.

तिथल्या अधिकृत फँटसीत प्रत्येक खेळाडूला किंमत असते, तुमच्या हाती ठरावीक रक्कम असते आणि फेरीला साधारण दोनच बदल करता येतात. किंमत कामगिरीप्रमाणे वरखाली होते, पण उशिरा. म्हणून तिथले जाणकार प्रत्येकाचा ‘ब्रेकइव्हन’ पाहतात: आजची किंमत टिकवायला या आठवड्यात त्याने किती गुण मिळवायला हवेत, तो आकडा. मोसमाच्या सुरुवातीला नवखी पोरं सर्वांत स्वस्त मिळतात. त्यांतलं एखादं संघात पक्कं झालं की त्याची किंमत आठवड्यागणिक चढते. ती पूर्ण फुगली की त्याला विकायचं आणि आलेल्या पैशात नावाजलेला खेळाडू घ्यायचा. त्याच्यावर माया जडली की संपलं.

खरा सौदा मात्र याहूनही आधी ओळखावा लागतो. पुढच्या फळीतल्या एखाद्याला प्रशिक्षकाने मध्यावर खेळवायला सुरुवात केली, की त्याच्याकडे चेंडू येण्याचं प्रमाण एकदम बदलतं. पासही वाढतात, टॅकलही. गुण आजपासून वाढणार असतात, किंमत मात्र अजून कालच्या सरासरीवर बसलेली असते. अशा वेळी तीनचार दिवसांची फट मिळते. अनुभवी माणूस नेमक्या त्याच फटीत हात घालतो. त्याला मागचे गुण विकत घ्यायचेच नसतात, ते दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेले असतात. त्याला हवी असते पुढची जागा.

हे कळायला ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही, मुंबईपर्यंत गेलं तरी पुरे. २०१८च्या आयपीएलमध्ये क्विंटन डी कॉक बंगळूरकडून आठ सामने खेळला, धावा २०१. परदेशी खेळाडू चारच खेळवता येतात आणि तिथे त्या चार जागांसाठी रांग होती. मोसमानंतर मुंबई इंडियन्सने त्याला २ कोटी ८० लाखांत उचललं. मुंबईत यष्टिरक्षण आणि सलामी, दोन्ही त्याच्या नावावर पक्की झाली. २०१९ मध्ये धावा ५२९, पुढच्या वर्षी ५०३, आणि दोन्ही वर्षी चषक मुंबईकडे. ट्रेंट बोल्टचंही तसंच. २०१९ मध्ये दिल्लीने त्याला पाच सामन्यांत खेळवलं, बळी पाच. दिल्लीने त्याला मुंबईला देऊन टाकलं. मुंबईने नवा चेंडू त्याच्या हाती दिला, त्याने २०२० मध्ये २५ बळी घेतले, आणि अंतिम सामन्यात पहिल्याच चेंडूवर जो गडी टिपला तो दिल्लीचा स्टॉयनिस. सामनावीरही तोच. दोघांचीही गुणवत्ता आदल्या वर्षी झोपली नव्हती. अकरात जागा मिळणार की नाही, एवढाच फरक.

कबड्डीत हेच जास्त कडूपणे दिसतं. २०२२च्या प्रो कबड्डी लिलावात तमिळ थलैवाजने पवन सेहरावतसाठी २ कोटी २६ लाख मोजले. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि मोसम संपला. पण त्याच संघात नरेंदर नावाचा नवखा चढाईपटू होता. चढायांचा सगळा भार त्याच्यावर आला, त्याने मोसमात दोनशेहून जास्त गुण घेतले आणि थलैवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचले. फँटसीत पवनच्या जागी कोण आणू, म्हणून दुसरं मोठं नाव शोधणारे बहुतेक फसले असणार. ज्यांनी ‘आता या संघात चढाया कोण करणार?’ असं विचारलं, त्यांच्या हाती नरेंदर लागला. सोडलेला खेळाडू कसा महाग पडतो, हेही कबड्डीतच दिसलं. त्यापुढच्या लिलावात इराणचा शादलुई २ कोटी ३५ लाखांत पुणेरी पलटणकडे आला आणि पलटण विजेती झाली. नंतरच्या लिलावात तो २ कोटी ७ लाखांत हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि विजेतेपदही तिकडेच गेलं. त्याला जाऊ देणं पुण्याला महाग पडलं, असं मी म्हणेन.

आणि आपल्या रत्नागिरीचं काय? महाराष्ट्र प्रीमियर लीग जून २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा रत्नागिरी जेट्स हा संघ घेतला जेटसिंथेसिस या पुण्याच्या कंपनीने. या कंपनीचा मूळ धंदा मोबाइलवरच्या खेळांचा, हे विशेष. त्या लिलावात सर्वांत महाग ठरला नौशाद शेख, कोल्हापूर टस्कर्सकडे, ६ लाखांत. रत्नागिरीने अझीम काझीला कर्णधार केलं आणि साखळीत पहिला क्रमांक मिळवला. गहुंज्याच्या अंतिम सामन्यात कोल्हापूर ८ बाद ८० वर असताना पाऊस आला, आणि साखळीतल्या पहिल्या क्रमांकामुळे चषक रत्नागिरीला मिळाला. पावसाने दिला म्हणणाऱ्यांना उत्तर पुढच्या वर्षी मिळालं: २०२४ मध्ये नाशिकला २४ धावांनी हरवून पुन्हा जेट्सच. २०२५ मध्ये नाशिकने तो मान घेतला. जिल्ह्यात याचा जेवढा गाजावाजा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. आम्ही इथे बसून चेन्नईच्या संघाची काळजी करत होतो.

कागदावर जे जमतं ते ड्रेसिंग रूममध्ये जमेलच असं नाही, हेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने हार्दिक पांड्याला गुजरातकडून परत आणलं, त्यासाठी पैसे मोकळे करायला कॅमेरून ग्रीनला बंगळूरला दिलं. कागदावर सौदा झकास: अष्टपैलू, शिवाय गुजरातला एकदा विजेता आणि एकदा उपविजेता करणारा कर्णधार. पण रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार केल्यावर वानखेडेवर त्याची हुर्यो झाली आणि २०२४ मध्ये मुंबई तळाला, दहावी. हार्दिकच्या खात्यात २१६ धावा आणि ११ बळी. फँटसीवाल्याला ड्रेसिंग रूमची चिंता नसते, पण नव्या संघात गेलेल्या खेळाडूच्या पहिल्या महिन्यावर फार भरवसा ठेवू नये, एवढं तरी यातून घ्यावं.

आता मित्रांच्या लीगमधली खरी अदलाबदल, मालक-मालकातली. समजा दहा जणांची लीग आहे आणि प्रत्येक खेळाडू एकाच मालकाकडे आहे. इथे किंमतपट्टी नाही, समोर बसलेला माणूस आहे. बहुतेक जण मेसेज टाकतात, ‘बुमराह देतोस काय?’ उत्तरात हसण्याची चित्रं येतात आणि सौदा तिथेच मरतो. जाणता माणूस आधी समोरच्याची यादी वाचतो.

‘तुझा यष्टिरक्षक दोन सामने बाहेर बसलाय. माझ्याकडे दोन आहेत, एक घे. तुझा तिसरा सलामीवीर दे.’

‘चौथा देतो. तिसरा नाय.’

‘चौथा दे, पण त्याच्यासोबत तो डावरा फिरकीवाला दे. तसाही तुझ्या बाकावरच आहे.’

सौदा झाला. यात कोणी कोणाला फसवलं नाही. समोरच्याची अडचण मिटली, जाणत्याच्या हाती चेन्नईतल्या संथ खेळपट्टीवरच्या तीन सामन्यांसाठी फिरकीपटू आला. त्याने वेळापत्रक वाचलं होतं, समोरच्याने वाचलं नव्हतं.

विकायची वेळ साधणं सर्वांत अवघड, कारण तेव्हा मन तयार नसतं. फेब्रुवारीत वाशीला गेलेल्या हापूसच्या पहिल्या पेटीला जो भाव येतो, तो मे महिन्यात तशाच पेटीला येत नाही. सातव्या क्रमांकावरच्या फलंदाजाने एकदा २८ चेंडूंत ७० केल्या की त्याच संध्याकाळी त्याच्यासाठी तिघांचे मेसेज येतात. तो उद्या पुन्हा सातव्याच क्रमांकावर येणार आहे, त्याला नेहमीसारखे दहाच चेंडू मिळणार आहेत. त्या संध्याकाळी विका. सकाळपर्यंत थांबलात तर समोरच्यालाही हे सुचतं.

दोन देऊन एक घ्यायचा सौदा लहान लीगमध्ये बहुधा एक घेणाऱ्याच्या फायद्याचा असतो. रिकामी झालेली जागा तो कोणाच्याच संघात नसलेल्या खेळाडूंच्या मोकळ्या यादीतून भरतो, आणि दहाच मालक असले की मोकळ्या यादीत बरंच काही पडून असतं. वीस मालकांच्या लीगमध्ये हेच गणित उलटतं, तिथे दुसरा खेळाडूही सोन्याचा. सौद्याचा मोहही आवरावा लागतो. इंग्लिश फुटबॉलच्या फँटसीत आठवड्याला एक बदल फुकट आणि वरच्या प्रत्येक बदलाला चार गुण कापले जातात. हा दंड मला फार आवडतो. हात शिवशिवणाऱ्या माणसाला चार गुणांची किंमत कळली की तो रविवारी रात्री रागाच्या भरात संघ मोडत नाही.

मित्रांच्या लीगमध्ये भांडणं होतात ती मात्र नियमांवरून, खेळाडूंवरून नव्हे. तळाला गेलेला मालक शेवटच्या आठवड्यात आपले चांगले गडी जिवलग दोस्ताला देऊन टाकतो आणि पहिल्या क्रमांकावरचा मालक गट सोडून जातो. म्हणून मार्चमध्ये आयपीएल सुरू होण्याआधी तीन गोष्टी गटात लिहून ठेवा: अदलाबदलीची शेवटची तारीख, एखादा सौदा रद्द करायला किती मालकांचा विरोध लागेल, आणि जखमी खेळाडूची बदली कशी मिळेल. पैसे लावू नका. नव्या कायद्यात पैशाचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. हरणाऱ्याने जिंकणाऱ्यांना मिसळ द्यायची, एवढी पैज पुरते.