शिवणीतली माया

कपड्याचा पर्यावरणावरचा भार मुख्यतः तो तयार होतानाच पडतो. कापूस पिकवणे, सूत कातणे, रंगवणे यांत एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते, असा अंदाज आहे. टी-शर्ट दहादा घातला काय किंवा शंभरदा, हा खर्च तेवढाच. तरीही कपडे कमीच घातले जात आहेत. एलन मॅकार्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार कपडा टाकून देण्यापूर्वी तो जितक्या वेळा वापरला जातो, ते प्रमाण १५ वर्षांत ३६ टक्क्यांनी घटले.

अनेक कपडे फाटत नाहीत. ते अंगाला होईनासे होतात. यावरचा उपाय शिंपी पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला मराठीत ‘माया’ म्हणतात, आणि याहून नेमका शब्द सापडणे कठीण. ब्लाउजच्या कडेला माया सोडून दोन-तीन टिपा मारल्या, की अंग भरल्यावर आतली एक टीप उसवायची. ब्लाउज पुन्हा बसतो. तयार कपड्यांत मात्र ओव्हरलॉक करताना कडेचे कापड कापले जाते, मग वाढवायला काही उरतच नाही.

लहान मुलांसाठी लंडनच्या ‘पेटिट प्ली’ या कंपनीने चुण्यांचा मार्ग काढला. या चुण्या उलगडत जातात आणि एकच कपडा मुलाबरोबर वाढतो. आपल्याकडे झग्याच्या घेराला घातलेल्या, दरवर्षी उसवायच्या आडव्या चुण्या हेच काम करत.