तालमीचा उंबरठा

चैत्री पौर्णिमेस सूर्योदयाबरोबर मारुतिजन्माचे कीर्तन आटोपते, सुंठवडा वाटला जातो आणि श्रोतृवृंद घरोघर परततो. आमची पावले मात्र देवळामागील तालमीकडे वळतात. हौद्यातील तांबडी माती त्या दिवशी नव्याने उकरलेली असते. तीत तेल, ताक, लिंबू, हळद कालवलेली असते. त्या वासासरशी साठी उलटलेल्या आम्हांस आपले दहावे वर्ष आठवते.

शब्दांचे नवल पाहा. ‘आखाडा’ हा संस्कृत ‘अक्षवाटा’चा वंशज, ‘तालीम’ मूळची अरबी, ‘वस्ताद’ फारसीतून आलेला; आणि या तिघांच्या मधोमध कोनाड्यात शेंदूरचर्चित मारुतिराय! भाषेने दारात कोणास अडविले नाही. माणसांनी अडविले.

सन १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध छापून आला. जोतिराव फुले यांच्या शाळेतील ही विद्यार्थिनी. पेशवाईत मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या मस्तकाचा चेंडू करून खेळत, असे तिने लिहिले आहे. तो निबंध प्रथम वाचला, त्या रात्री आम्हांस अन्न गेले नाही.

आता त्याच पुण्यातील दुसरी तालीम पाहा. लहुजी राघोजी साळवे यांचा जन्म १७९४ चा, समाज तोच मांगांचा. वडील राघोजी १८१७ साली खडकीच्या लढाईत इंग्रजांशी लढता पडले. पुढल्या वर्षी पेशवाई बुडाली. लहुजींनी गंज पेठेत तालीम घातली आणि येणाऱ्याची जात विचारली नाही. दांडपट्टा व गोळीचे निशाण आपण लहुजींपाशी शिकलो, हे जोतिरावांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्या समाजास तालमीपुढून जाणे जिवावरचे होते, त्यातील वस्तादापुढे इतर जातींची पोरे मुजरा करून दंड काढू लागली! पुढे जोतिरावांनी अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा पोरे शाळेत धाडा म्हणून समजावीत फिरले, त्यांतही लहुजी होते. १८८१ साली ते निवर्तले. संगमवाडीस त्यांची समाधी आहे. पुण्यास जाणाऱ्या भाविकाने तेथे अवश्य माथा टेकावा.

हे आम्ही उत्तररंगात अनेकदा सांगितले. पण आपल्याच गावचे कधी सांगितले नाही. १९७० च्या सुमारास नदीपलीकडील वस्तीतला एक मुलगा आमच्या तालमीच्या खिडकीचे गज धरून उभा राही. त्यास मनाई कोणी लिहून दिलेली नव्हती, गरजच नव्हती. आम्ही पहाटे जो डाव शिकू, तो तो सायंकाळी वाळवंटात करून पाही. पण समोर जोडीदार नसता कुस्ती शिकावी कशी? एकदा त्याने विचारले, “माझ्यासंगं धरशील का?” आम्ही ऐकलेच नाही असे दाखवून निघून आलो.

अलीकडे सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींस समग्र शिक्षा योजनेतून तीन महिने स्वसंरक्षण शिकवितात. योजना उत्तम, पण हातास वळण पडते न पडते तोच वर्ग संपतो, आणि शहरातील कराटेच्या शिकवणीची फी मजुराच्या मुलीस कोठून परवडणार? म्हणून गेल्या वर्षी शाळेतील काही मुली तालमीच्या पंचांकडे आल्या. पंचांनी आम्हांस गाठले : “बुवा, मारुती ब्रह्मचारी. मुलींनी हौद्यात उतरावे का? शास्त्र काय म्हणते?”

चार दिवस पोथ्या धुंडाळल्या. निषेधाचे वचन आम्हांस आढळले नाही. तसे लेखी दिले. सांगलीस २०२३ साली महिलांची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ झाली व प्रतीक्षा बागडी विजयी झाली, तेव्हा मारुतिराय काही रुसले नव्हते, हेही खाली लिहिले. एका पंचांनी अद्याप आमच्याशी बोलणे टाकले आहे. असो.

परवा पहाटे तालमीत डोकावलो. एक चिमुरडी पुढे येऊन म्हणाली, “बुवा, धरा मनगट.” आम्ही घट्ट धरले. तिने हात आमच्या अंगठ्याकडे असा काही पिळला की मनगट केव्हा सुटले ते कळलेच नाही. पकड अंगठ्यापाशीच कच्ची असते, असे तिनेच मग आम्हांस समजाविले. नाव-गाव विचारले, तर त्या खिडकीतल्या मुलाची ती नात.

तो बाहेरच उभा होता, गज धरून. आम्ही जाऊन त्याचा हात धरला, आत चल म्हटले.

“राहू द्या बुवा,” तो म्हणाला, “इथून बी चांगलं दिसतं.”