समुद्रतळाच्या गाळाचं वय झिरकॉन कसं सांगतो?

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या आग्नेय टोकाला मिस्टेकन पॉइंट नावाचा खडकाळ किनारा आहे. 1967 साली एक भारतीय विद्यार्थी तिथल्या खडकांचा अभ्यास करत होता. हे शिवबालक मिश्रा, उत्तर प्रदेशातल्या खेड्यातून तिथल्या मेमोरियल विद्यापीठात शिकायला गेलेले. त्यांना खडकावर नेच्याच्या पानांसारखे ठसे दिसले, एकदोन नाही, ढिगाने. ते एकेकाळी खोल समुद्राच्या तळाशी राहणारे जीव होते. पुढे त्यातल्या एका जातीला त्यांचंच नाव मिळालं, फ्रॅक्टोफ्युसस मिसराय. स्वतः मिश्रा मात्र गावी परतले आणि तिथे त्यांनी शाळा काढली. (आमच्यासारख्या शिक्षकांना ही गोष्ट जास्त आवडते, हे कबूल.) 2016 मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा ठरवली.

आता हे जीव किती जुने? इथे मुलं हमखास म्हणतात, "कार्बन डेटिंग करायचं!" मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजमध्येही तेच असतं. पण कार्बनचं घड्याळ साधारण 50 हजार वर्षांपर्यंतच चालतं. मिस्टेकन पॉइंटचा हिशेब कोट्यवधी वर्षांचा आहे. तिथे झिरकॉन लागतो.

झिरकॉन हा शब्द आपल्याला परका नाही. भाषातज्ज्ञ त्याचं मूळ फारसी 'ज़रगून'मध्ये शोधतात. ज़र म्हणजे सोनं, ज़रगून म्हणजे सोनेरी रंगाचा. मात्र अंगठीत 'अमेरिकन डायमंड' म्हणून बसवतात तो खडा वेगळा, तो कारखान्यात बनतो. खरा झिरकॉन तापलेल्या शिलारसात तयार होतो, आणि खडकातले त्याचे कण बहुतेक वेळा मिठाच्या दाण्याहूनही बारीक असतात.

हा स्फटिक जन्मतो तेव्हा थोडं युरेनियम आत घेतो, शिशाला मात्र जवळपास दारातच अडवतो. युरेनियमचं हळूहळू शिसं होत जातं. म्हणजे नंतर आत जे शिसं सापडतं ते तिथेच तयार झालेलं. दोन्ही मोजले की वय निघतं. आणि घड्याळं एक नाही, दोन आहेत. युरेनियम-238 निम्मं व्हायला सुमारे 447 कोटी वर्षं लागतात, युरेनियम-235 ला सुमारे 70 कोटी. दोन्हींनी एकच वय सांगितलं तर भरवसा ठेवायचा. स्फटिकाला तडे जाऊन शिसं बाहेर झिरपलं असेल तर सहसा दोन घड्याळांचं जमत नाही आणि गडबड उघडी पडते. म्हणून हल्ली स्फटिक आधी खूप तापवतात, मग आम्लात टाकून त्याचा खराब भाग विरघळवून टाकतात आणि उरलेला चांगला भाग मोजतात.

इथवर ठीक. पण खरी मेख पुढे आहे. झिरकॉन स्वतःचा जन्म सांगतो, गाळाचा नाही. गाळ (उर्दूत आपण तलछट म्हणतो तो) म्हणजे कुठून कुठून वाहत आलेले कण. समजा, घराचा पाया खणताना मडकं सापडलं. त्यात अकबराच्या काळातलं नाणं आहे, राणी व्हिक्टोरियाचं आहे आणि 1957 चा नया पैसाही आहे. मडकं अकबराच्या काळात पुरलं असं कुणी म्हणेल का? 1957 च्या आधी ते पुरलेलं नाही, एवढंच खात्रीने म्हणता येतं. गाळाचंही तसंच. त्यातला सगळ्यात तरुण झिरकॉन फक्त इतकं सांगतो की गाळ याहून जुना नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सला सुमारे 440 कोटी वर्षांचे झिरकॉन सापडले, पण ते ज्या खडकात होते तो गाळ साधारण 300 कोटी वर्षांपूर्वीचा. फरक 140 कोटी वर्षांचा! बातम्यांत 'जगातला सर्वांत जुना खडक' असं छापून येतं तेव्हा वय कणाचं आहे की खडकाचं, हे नक्की विचारावं.

मिस्टेकन पॉइंटला ही अडचण ज्वालामुखीने सोडवली. तिथे वेळोवेळी राख समुद्रात पडली आणि तळाशी जिवंत असलेल्या या जीवांवर तिचा थर बसला. राखेतले झिरकॉन त्याच ज्वालामुखीच्या शिलारसातले, म्हणून राखेचं वय हेच त्या जीवांच्या मरणाचं वय. राखेतही एखादा जुना कण मिसळलेला असू शकतो, त्यामुळे अनेक कण मोजून कोणती वयं एकमेकांशी जुळतात ते बघतात. उत्तर आलं सुमारे 56 कोटी 50 लाख वर्षं. त्याच भागातल्या आणखी खालच्या थराचं वय सुमारे 57 कोटी 40 लाख.

या आकड्याने काय साधलं? मोठे, गुंतागुंतीचे जीव सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वी एकदम अवतरले, असा पूर्वी बराच काळ समज होता. इथे तर ते त्याच्या कितीतरी आधी, सूर्यप्रकाश पोहोचत नाही अशा खोलीवर नांदत होते. म्हणजे त्या वनस्पतीही नव्हेत, दिसायला पानं असली तरी. वय नक्की नसतं तर हा वाद ठशांच्या आकारावरूनच चालू राहिला असता.

राखेची ही युक्ती आपल्या सह्याद्रीतही वापरली गेली आहे. घाटातून जाताना काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे विटेसारखा लाल पट्टा दिसतो. असा पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली माती. अशा काही पट्ट्यांत राखेबरोबर आलेले झिरकॉन मिळाले, आणि त्यांच्यावरून दख्खनचा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, डायनासोर नाहीसे झाले त्याच सुमारास, वाहत होता हे मोजता आलं.