स्पीडर, जिगर, पट-पट: रुळांवरच्या छोट्या गाडीला एवढी टोपणनावं का?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना हॉस्टेलवर जायला आमचा एक शॉर्टकट होता, थेट रेल्वेचे रूळ ओलांडून. चूकच होती ती. पण तेव्हा आम्हाला वाटायचं की आपण हुशार आहोत. रुळांजवळ आलं की ट्रेनचं लोकेशन दाखवणारं ॲप उघडायचं, गाडी लांब असेल तर बिनधास्त निघायचं.

एका संध्याकाळी ॲप सांगत होतं की पुढची पॅसेंजर ४० मिनिटं लेट आहे. कानात इअरफोन घालून मी रुळावर पाय ठेवला आणि मित्राने मागून कॉलर धरून ओढलं. समोरून लाल झेंडा लावलेली एक उघडी छोटी गाडी फट-फट करत गेली. वर बसलेल्या चार जणांपैकी एक काका जे काही ओरडले ते इथे लिहिता येणार नाही!

रूममध्ये आल्यावर पहिला प्रश्न पडला: ती गाडी होती कसली? आणि दुसरा: ती ॲपवर का दिसली नाही? दोन्ही उत्तरं भारी आहेत.

नाव एक नाही, डझनभर आहेत

आपल्याकडे तिला मोटर ट्रॉली म्हणतात. रुळांची तपासणी आणि दुरुस्ती करणाऱ्या लोकांना नेण्यासाठी ती असते. रेल्वेच्या नियमात ट्रॉलीची व्याख्याही मजेशीर आहे: चार माणसांना उचलून रुळावरून बाजूला ठेवता आली तर ती ट्रॉली, त्याहून जड असेल तर लॉरी. ही व्याख्या डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

यूट्यूबवर मात्र 'मोटर ट्रॉली' शोधून फार काही मिळालं नाही. कारण जगभर हिची नावं वेगळी आहेत.

अमेरिकेत आणि कॅनडात 'स्पीडर'. आधी कामगार दांडा वर-खाली करून हाताने गाडी चालवायचे. तिच्यापेक्षा ही वेगवान, म्हणून स्पीडर. रेल्वेच्या कागदोपत्री नाव मात्र साधं 'मोटर कार'.

दुसरं नाव 'पट-पट', हे आवाजावरून. जुन्या स्पीडरला एकच सिलेंडर असायचा. आपले आजोबा मोटरसायकलला 'फटफटी' का म्हणायचे? अगदी तेच कारण! हजारो किलोमीटर लांबच्या लोकांनी इंजिन ऐकून तसंच नाव ठेवलं.

तिसरं 'सेक्शन कार'. रुळांचे काही मैलांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एका टोळीकडे द्यायचे. त्या तुकड्याला सेक्शन म्हणायचे, त्यावरून हे नाव.

न्यूझीलंडमध्ये आणि कॅनडाच्या काही भागांत 'जिगर' (आपल्या जिगरीशी संबंध नाही, पण काम बघता शोभतं). ऑस्ट्रेलियात तीन चाकांची ती 'ट्राइक' आणि चार चाकांची 'क्वाड'.

काही नावं कंपनीवरून पडली. आपण कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो ना, तसंच. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या फेअरमाँट गावच्या कंपनीने इतक्या गाड्या बनवल्या की लोक नुसतं 'फेअरमाँट' म्हणू लागले. ब्रिटनमध्ये तसंच 'विकम'. जर्मनीत आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी अशा गाड्यांना 'ड्रेझिन' म्हणतात. हे नाव कार्ल फॉन ड्राईस यांच्यावरून आलं. १८१७ मध्ये त्यांनी पायाने ढकलायची दुचाकी बनवली होती, म्हणजे सायकलची पूर्वज.

आता खरा मुद्दा: ही गाडी सिग्नलला दिसत नाही

रुळावर गाडी आहे हे सिग्नलला कसं कळतं? एक जुनी पद्धत आहे ट्रॅक सर्किट. अमेरिकन इंजिनिअर विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. दोन्ही रुळांमधून कमी दाबाची वीज सोडतात. ती पलीकडच्या रिलेपर्यंत पोहोचली तर रूळ मोकळा. गाडी आली की तिची लोखंडी चाकं आणि ॲक्सल दोन्ही रूळ जोडतात, वीज तिथूनच परत फिरते, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. वीज गेली किंवा तार तुटली तरी सिग्नल लालच. डिझाइन एकदम सॉलिड.

पण स्पीडर हलकी असते. रुळावर गंज किंवा धूळ असेल तर तिची चाकं कधी सर्किट जोडतील, कधी नाही. कधी दिसते आणि कधी नाही, अशा गाडीवर कोणी भरवसा ठेवायचा? शिवाय ती वाटेत कुठेही उचलून खाली ठेवतात, म्हणजे सिग्नल आणि फाटकाचा गोंधळ वेगळाच. म्हणून उपाय उलटा केला. चाकांमध्ये वीज न जाणारा इन्सुलेटर बसवला. गाडी सिग्नलला मुद्दामच 'अदृश्य' केली.

मग टोळीने काय करायचं? त्या काळी अमेरिकेत निघताना त्यांना येणाऱ्या गाड्यांची यादी मिळायची. यादी दिल्यानंतर एखादी जादा गाडी सुटली की गेम ओव्हर. म्हणून वळणाआधी थांबायचं, कान द्यायचा, आणि गाडी आली की स्पीडर उचलून बाजूला ठेवायची. ती उचलता येण्याइतकी हलकी का असते, ते आता कळलं? ट्रॉलीची व्याख्या म्हणजे जीव वाचवायची सोय आहे.

पुढे तिकडे स्पीडरची जागा रस्त्यावर आणि रुळावर दोन्हीकडे धावणाऱ्या हाय-रेल ट्रकनी घेतली. जुन्या स्पीडर आता हौशी लोक विकत घेतात आणि रेल्वेची परवानगी काढून सहलीला नेतात. फाटकं आपोआप पडत नाहीत, म्हणून रस्ता आला की एक जण उतरून वाहनं थांबवतो.

आता माझ्या ॲपकडे येऊ. ते पॅसेंजर गाड्या दाखवतं. मालगाडी, एकटं इंजिन, मोटर ट्रॉली यातलं काहीच त्यात नाही. मी स्क्रीनवर 'काही नाही' वाचलं आणि रुळावरही काही नाही असं धरून चाललो. आज कोड लिहिताना मी रोज स्वतःला विचारतो: डेटा नाही म्हणजे खरंच काही नाही, की माझ्या सिस्टीमला ते दिसत नाही?

तर मित्रांनो, 'स्पीडर' किंवा 'फेअरमाँट' टाकून व्हिडिओ नक्की बघा, हेडफोन लावून बघा. पण घरी बसून! ॲप बघून रूळ ओलांडू नका. रिलसाठी तर नाहीच. रुळांवर घुसणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि प्रत्येकाच्या मागे कॉलर ओढणारा मित्र असतोच असं नाही.