कणीक, कंपन आणि वस्तुमान

पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावली म्हणजे तिचा स्वर उतरतो, आणि अधिक लावली तर अधिक उतरतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. कंप पावणाऱ्या वस्तूचा ताठपणा तोच राहून तिचे वस्तुमान वाढले की तिची कंप्रता घटते. हीच गोष्ट उलट बाजूने पाहिली, तर स्वर किती उतरला यावरून कणीक किती लागली हे सांगता येईल. सिलिकॉनच्या सूक्ष्म कंपकांनी वस्तुमान मोजण्याचे तत्त्व एवढेच आहे. (‘कंप्रता’ हा शब्द मी हेतुतः योजिला आहे. ‘वारंवारता’ अधिक रूढ खरा. पण आम्ही भाषाभ्यासक तो शब्दांच्या पुनरावृत्तीसाठी वापरतो, आणि एका शब्दावर दोन शास्त्रांचा भार घालू नये.)

१९६७ साली नेथन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रान्झिस्टरवर कंप पावणारी सूक्ष्म पट्टी बसविली, ती सोन्याची होती. सिलिकॉन हा केवळ विद्युत्-पदार्थ नसून उत्तम यांत्रिक पदार्थही आहे, हे कर्ट पीटरसन यांनी १९८२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात साधार मांडले. एकस्फटिकी सिलिकॉनला नेहमीच्या तापमानास कायमचा बाक येत नाही, आणि त्याचे अंतर्गत घर्षणही अल्प असते. कंपकाला याहून अधिक काय हवे?

वस्तुमानात अल्प भर पडली, तर कंप्रता त्याच्या निम्म्या प्रमाणात घटते. भर तीच असली तरी कंपक जितका लहान तितके हे प्रमाण मोठे. म्हणून सूक्ष्मतेचा हव्यास. परंतु खरी अडचण निराळीच आहे. जिवंत पेशी तोलायची तर ती द्रवात हवी, आणि कंपक पाण्यात बुडविला की अवमंदनाने त्याचा सूर तत्काळ विरतो. विरणाऱ्या सुराची उंची नेमकी कशी सांगावी?

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील स्कॉट मनालिस यांच्या गटाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय मला विलक्षण वाटतो. त्यांनी कंपक पाण्यात ठेवण्याऐवजी पाणीच कंपकात घातले. एका टोकाशी जखडलेली सिलिकॉनची पट्टी आतून पोकळ केली. तिच्यातील नाली मोकळ्या टोकापर्यंत जाऊन परत फिरते. आत द्रव वाहतो, बाहेर निर्वात असते. सूर किती टिकतो याचे माप असलेला गुणांक या रचनेत १५,००० पर्यंत गेला. कण टोकाशी पोहोचला की कंप्रता सर्वांत अधिक उतरते आणि तो परतला की पूर्ववत होते. मापनाची सूक्ष्मता एका फेम्टोग्रॅमहूनही कमी होती. एका ग्रॅमाचे एक अब्ज भाग करून त्यातील एकाचे पुन्हा दहा लक्ष भाग करावेत, तेव्हा एक फेम्टोग्रॅम होतो.

मात्र येथे काय मोजले जाते, हे नीट समजून घ्यावे. पेशी नालीत शिरते तेव्हा ती आपल्या आकारमानाएवढे पाणी बाजूस सारते. कंपकाला जाणवतो तो पेशी आणि ते पाणी यांच्या वस्तुमानांतील फरक. या फरकाचे इंग्रजी नाव उत्प्लावनावरून पडले आहे. पण या मापनात तरंगणे नाही की बुडणे नाही. गुरुत्वाकर्षण नसलेल्या ठिकाणीही तोच आकडा मिळेल, कारण कंपनाला जाणवते ते जडत्व. ‘वजन’ हा शब्द येथे म्हणूनच त्याज्य मानावा. ‘अधिक-वस्तुमान’ म्हटले तर अर्थ सुटत नाही. पेशी पाण्याहून हलकी असेल, तर ते ऋण येईल इतकेच.

या एका आकड्यावरून पेशी मोठी व विरळ आहे की लहान व दाट, हे ठरत नाही. त्यासाठी तीच पेशी भिन्न घनतेच्या दोन द्रवांत तोलावी लागते. दोन समीकरणे, दोन अज्ञाते. याच गटाने २०११ मध्ये एकेका पेशीची घनता या रीतीने काढून दाखविली. तापमान मात्र काटेकोरपणे स्थिर राखावे लागते. साध्या सिलिकॉनच्या कंपकाची कंप्रता दर अंश सेल्सिअसला दहा लक्षांत सुमारे ३० भागांनी उतरते, आणि एका जिवाणूमुळे पडणारा फरक त्याहून लहान असतो.